नंतरचा रकाना

उत्तर आलं ते मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या टपालात, आणि ते उत्तर आहे हे कळायलाच तिला बराच वेळ लागला. टपाल वाटणाऱ्या कारकुनाने सवयीने चेष्टा केली. "तिशीबाई, माहेरचं पत्र आलंय बघा, चांगलं लांबून," असं म्हणत त्याने जाडसर पिवळं पाकीट तिच्या टेबलावर ठेवलं आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. तिने मान वर न करता "असू दे" म्हटलं. वयाची तिशी ओलांडून तिला वीस वर्षं होत आली होती. हे नाव पडलं होतं ते दुसऱ्याच कारणाने. औषधांना परवानगी देणाऱ्या या कचेरीत कुणीही नवी फाइल आणली की ती पहिली पानं सोडून थेट शेवटच्या पानांवर जायची आणि विचारायची, तीस अंशांवर ठेवून पाहिलंय का? थंड देशांतले कारखाने आपलं औषध पंचवीस अंशांवर ठेवून बघतात, कारण त्यांच्या कपाटांत तेवढीच ऊब असते. इथल्या गोदामांत तीस अंश सकाळी नऊलाच होतात, दुपारची गोष्टच सोडा. त्यामुळे तीस अंशांवर आणि दमट हवेत औषध किती महिने टिकतं हे कागदावर दिसल्याशिवाय ती फाइल पुढे सरकू देत नसे. कंपन्यांचे प्रतिनिधी तिच्या टेबलाला वचकून असत. नव्याने लागलेली पोरं तिच्या मागे हसत आणि मग स्वतःही हळूच शेवटची पानं आधी उघडायला शिकत. या नावाचा तिला कधी राग आला नव्हता. खरं तर थोडा अभिमानच होता.

पाकीट तिने पट्टीने फोडलं. आत दोनच पानं होती. आपल्या प्रश्न क्रमांक चारच्या संदर्भात, असं पत्र सुरू होत होतं. उत्तराला झालेल्या विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. खाली एक तक्ता. तीस अंश, पंचाहत्तर टक्के आर्द्रता. पहिला महिना, शहाण्णव टक्के. तिसरा महिना, एक्याऐंशी. सहावा महिना, चौसष्ट. कुपीतल्या औषधाची ताकद नव्वदच्या खाली गेली की ते औषध म्हणून चालत नाही, हे या खोलीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तिने तक्ता वाचला, मग वरून खाली पुन्हा वाचला. मग कुठल्या औषधाबद्दल आहे ते पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की हे तेच इंजेक्शन. साथीतलं. कुणीतरी पंख्याचा वेग वाढवला आणि पान उडू लागलं, तेव्हा तिने त्यावर तळहात ठेवला. तळहाताखाली कागद आहे हे तिला कळत होतं, पण हात आपला आहे हे नीटसं कळत नव्हतं. बराच वेळ एका कुशीवर झोपल्यावर हाताला मुंग्या येण्याआधी जसं होतं, तसं काहीतरी. तिला काहीच वाटलं नाही, आणि काहीच वाटत नाही याची तिला भीती वाटली. पण ती भीतीही कुठल्या तरी दुसऱ्याच बाईची असावी तशी होती. शेजारच्या टेबलावर खोकल्याच्या औषधाच्या लेबलावरून दोघांची हुज्जत चालली होती. चमचा लिहायचा की मिलिलिटर? तिने आपसूक सांगितलं, "दोन्ही लिहायला लावा." त्यांनी मान डोलावली.

साथीच्या दिवसांत हीच खोली होती, पण टेबलं लांब लांब सरकवलेली, खिडक्या सताड उघड्या, आणि सगळ्यांची तोंडं बांधलेली, त्यामुळे कोण हसतंय आणि कोण नाही हे डोळ्यांवरून ओळखावं लागे. परीक्षक सगळे मिळून अकरा. त्यातले तीन आजारी, एक गेला. प्रयोगशाळेतलं औषधाची ताकद मोजणारं यंत्र एका सुट्या भागासाठी सात महिने अडून बसलं होतं, आणि तो भाग जिथून यायचा तिथली विमानं बंद. फोन सतत वाजायचा. मंत्रालयातून, रुग्णालयांतून, आणि कधी कधी थेट एखाद्या घरातून. नंबर कुठून मिळाला देव जाणे, पण पलीकडे कुणीतरी रडत विचारायचं की त्या इंजेक्शनला परवानगी मिळाली का. एरवी ज्या फाइलीला दीड वर्ष लागायचं ती तीन दिवसांत उरकायची होती. साहेबांनी तेव्हा एक मार्ग काढला, आणि आजही तिला वाटतं की त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. मोठ्या देशाच्या औषध खात्याने जे तपासून मान्य केलंय ते आपण पुन्हा तपासायचं नाही, त्यांच्या दाखल्यावर टेकायचं. "आपण अकरा जण," साहेब म्हणाले होते, "तेही आज सात. त्यांच्याकडे माणसांची फौज आहे. त्यांनी केलेलं गणित आपण पुन्हा कशाला सोडवायचं? गाढवमेहनत नुसती." आणि त्यांनी एक नवा छापील कागद काढला. परीक्षकांचे प्रश्न लिहायला पूर्वी त्यात एकच रकाना असे. प्रश्नाचं उत्तर आलं की परवानगी, नाही आलं तर नाही. आता दोन झाले. एक आधीचा, एक नंतरचा. आधीच्या रकान्यातल्या प्रश्नांची उत्तरं आल्याशिवाय परवानगी नाही. नंतरच्या रकान्यातल्या प्रश्नांना कंपनीने सवडीने उत्तर द्यायचं. औषध तोवर दिलं जाईल.

तिने त्या इंजेक्शनचे सहा प्रश्न काढले होते. क्रमांक चार अर्थातच तीस अंशांचा होता. मोठ्या देशाचा दाखला पंचवीसवर दिलेला होता. त्यांच्या बाजूने त्यात काही चूक नव्हती, त्यांनी त्यांच्या कपाटांपुरतं पाहिलं होतं. सहाही प्रश्न तिने आधीच्या रकान्यात लिहिले. साहेब तिच्या टेबलाशी आले, खुर्ची लांब ओढून बसले आणि कागद वाचला. ते ओरडले नाहीत. कुणाचा फोन आला होता असंही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "क्रमांक चारचं उत्तर यायला किती दिवस लागतील, बाई?" ती म्हणाली, त्यांनी तो प्रयोग केलाच नसेल तर सहा महिने. औषध सहा महिने ठेवूनच बघावं लागतं, त्याला घाई करता येत नाही. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यावर एकही माणूस नव्हता. मग ते म्हणाले, "तुम्हीच ठरवा," आणि उठून गेले. पुढे कितीतरी वेळा तिने हा प्रसंग मनात उलटसुलट करून पाहिला, साहेबांच्या तोंडी एखादी धमकी, निदान एखादी विनवणी घालून पाहिली. पण तिथे काही नव्हतं. तुम्हीच ठरवा, एवढंच. तिने कोरा कागद घेतला, तीन प्रश्न आधीच्या रकान्यात लिहिले, तीन नंतरच्या, आणि क्रमांक चार नंतरच्या रकान्यात लिहिताना तिचं अक्षर जरा जास्तच सुवाच्य आलं. परवानगी दोन दिवसांत निघाली. खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. नंतरच्या रकान्यातल्या प्रश्नांचं काय झालं हे बघणं कुणाचं काम, ते मात्र त्या कागदावर कुठेच छापलेलं नव्हतं. त्यामुळे ते कुणाचंच नव्हतं.

धाकट्या बहिणीचा नवरा आजारी पडला तो पाच महिन्यांनी, साथ ओसरली असं सगळे म्हणू लागले आणि ती दुप्पट जोराने उलटली तेव्हा. तो बसच्या डेपोत वेळापत्रकं लिहायचा. बस कितीही उशिरा आली तरी माझं वेळापत्रक बरोबरच असतं, हा त्याचा ठरलेला विनोद. प्रत्येक नव्या माणसाला तो एकदा ऐकवायचाच आणि धाकटी प्रत्येक वेळी कपाळाला हात लावायची. तिशीबाईला तोही ताईच म्हणायचा, बायकोचं पाहून. रुग्णालयात इंजेक्शनं संपली होती. धाकटीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, नुसतं "ताई, ताई" म्हणत होती. जन्मात कुणाकडे काही न मागितलेल्या तिशीबाईने त्या दिवशी मध्यवर्ती गोदामाच्या भांडारपालाला फोन करून शब्द टाकला. त्याने सहा कुप्या काढून दिल्या. सरकारी शीतगृह लसींनी भरलं होतं, म्हणून इंजेक्शनांचे खोके मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले होते. भांडारपाल तिला स्वतः तिथे घेऊन गेला. आत पाऊल टाकताच तिचा चष्मा धुरकटला. भट्टीच म्हणायची, भांडारपाल म्हणाला, आणि रुमालाने मान पुसली. खोक्यांवर माल आल्याची तारीख होती; परवानगी निघाली त्याच आठवड्यातली. तिने ती वाचली. त्या क्षणी प्रश्न क्रमांक चार तिला आठवला का? हे तिने स्वतःला इतक्यांदा विचारलं होतं, की आता आठवण कुठली आणि नंतर घडवलेलं काय हे वेगळं करता येत नव्हतं. पण बहुतेक आठवला. बहुतेक आठवला, आणि तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, जसं रस्त्यात नको असलेलं माणूस दिसल्यावर आपण दुकानाच्या पाट्या वाचत पुढे जातो. कुपीतली पावडर पांढरीशुभ्र होती. ताकद गेली तरी पावडर पांढरीच राहते, रंग बदलत नाही, वास येत नाही. भांडारपालाने थर्माकोलचा डबा दिला, त्यात बर्फाच्या पिशव्या घातल्या. पाच महिने पत्र्याखाली भाजलेल्या त्या कुप्या तिने रुग्णालयापर्यंत बर्फात नेल्या. वाटभर झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, गारवा जाईल म्हणून.

तो नवव्या दिवशी गेला. आणि त्यानंतर धाकटीने जे काही उरलं त्यातलं एकच घट्ट धरून ठेवलं. घरी कुणीही आलं, अगदी विजेचं मीटर बघायला आलेला माणूस दोन मिनिटं टेकला, तरी ती सांगायची, "ताईने मिळवून दिलं ना औषध. त्या वेळी कुणाला मिळत होतं? लोक रुग्णालयाच्या फाटकाशी बसून होते. आमच्याकडून काही कमी पडलं नाही." आमच्याकडून काही कमी पडलं नाही. हे वाक्य ती इतकं सावकाश म्हणायची, की ते पूर्ण होईपर्यंत ऐकणाऱ्याला दुसरीकडे बघता येत नसे. तिशीबाई शेजारी बसून चहात बिस्किट बुडवायची आणि ते विरघळून तळाशी जायचं. तेव्हा उत्तर आलेलं नव्हतं. उत्तर आलं नव्हतं तोवर सगळं शक्य होतं. एखादं औषध तीस अंशांवरही ठणठणीत राहतं, तिने अशी कितीतरी पाहिली होती. दोन वर्षं ती त्या न आलेल्या उत्तराच्या सावलीत राहिली, आणि तिथे तसं बरं होतं. तिने कंपनीला एकही स्मरणपत्र पाठवलं नव्हतं.

दुपारी ती पत्र घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते आणि त्यांनी भिंतीवरची कॅलेंडरं काढायला सुरुवात केली होती. त्यांनी तक्ता वाचला. शेवटच्या आकड्याशी त्यांचं बोट थांबलं.

"आत्ता कशाला पाठवलं यांनी?"

"त्यांच्याकडे नवीन कुणीतरी आलं असेल. जुनी बाकी कामं काढत असतील."

"परवानगीची मुदत कधीच संपली ना?"

"चौदा महिने झाले."

"देशात एक तरी कुपी असेल?"

"नाही."

"मग कारवाई कशावर करायची, बाई?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "परत मागवायचं तर माल नाही. बंदी घालायची तर परवानगी नाही. नोंद घेतली असं लिहा आणि फाइल बंद करा."

ती उभीच राहिली. मग म्हणाली, "आणि ज्यांना दिलं त्यांना?"

"त्यांना काय कळवणार?" साहेब म्हणाले. "पूर्ण ताकदीचं असतं तरी ते किती जणांना लागू पडत होतं? शंभरात आठ-दहा. तुम्हाला माहीतच आहे." आणि मग, तिच्याकडे न बघता, "बसा ना जरा. तुमच्या घरचं कुणी होतं, नाही का?"

"बहिणीचा नवरा."

"हो, हो," साहेब म्हणाले. त्यांनी पत्राची घडी करून ते तिच्या हातात परत दिलं. त्यांच्याबद्दल तिला राग शोधून सापडत नव्हता. त्या दिवसांत हा माणूस तीन आठवडे याच खोलीत, याच खुर्चीत झोपला होता, आणि त्यांनी मान्य केलेल्या अकरा औषधांपैकी दहा चोख निघाली होती. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तिनेच त्याला समजावलं असतं, की त्या प्रश्नासाठी परवानगी थांबवली असती तर सहा महिने देशात एकही कुपी नसती, पहिल्या महिन्यात ज्यांना मिळाली त्यांना तर जवळजवळ पूर्ण ताकदीचीच मिळाली, आणि त्यांतले काही आज चालते-फिरते असतील. हे सगळं खरं होतं. खरं असून ते तिच्या अंगाला कुठेच लागत नव्हतं. तिने जागेवर येऊन 'नोंद घेतली' असं लिहिलं. त्याखाली 'फाइल बंद' लिहायचं होतं. पेन कागदावर टेकून ती थोडा वेळ बसली, तिथे शाईचा टिपका पसरला, मग तिने पेनाला टोपण लावलं आणि उद्या करते असं शेजारच्या टेबलाला सांगितलं. तिने कधी काम उद्यावर टाकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "बरं वाटत नाहीये का, बाई?" त्या मुलीने विचारलं. "नाही, बरंच वाटतंय," ती म्हणाली, आणि तेही खोटं नव्हतं.

ती कचेरीतून लवकरच निघाली. बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. रस्त्यावर माणसं दाटीवाटीने चालत होती, एकमेकांच्या अंगाला अंग घासत, तोंडं उघडी टाकून बोलत, जणू कधी काही झालंच नव्हतं. एका औषधाच्या दुकानाबाहेर खोके उन्हात उतरवून ठेवले होते आणि दुकानदार फोनवर बोलत उभा होता. एरवी ती उतरून त्याला चार शब्द सुनावून आली असती. बस पुढे गेली. ती मनात वाक्यं जुळवत होती. आधी सांगायचं की औषध थोडं कमी ताकदीचं निघालं. थोडं म्हणू नये. मग सांगायचं की तसंही ते फार जणांना लागू पडत नव्हतं. मग गोदामाचं, उन्हाचं, शीतगृहात जागा नसल्याचं. सांगावंच का, हाही प्रश्न होता. न सांगणं दयेचं होतं. धाकटीकडे त्या एका वाक्याशिवाय काय होतं? पण हे पत्र उशीखाली घेऊन आणखी वीस वर्षं चहात बिस्किट बुडवत बसायचं, ती शपथेवर सांगितल्यासारखी म्हणणार काही कमी पडलं नाही, आणि आपण मान हलवायची. ते तिला जमेल असं वाटलं, अगदी सहज जमेल, आणि त्या सहजपणानेच ती दोन थांबे आधी, धाकटीच्या घराशी उतरली.

धाकटी नुकतीच पहाटपाळी करून आली होती. नवऱ्याच्या जागेवर तिला डेपोत घेतलं होतं, आता वेळापत्रकं तीच लिहायची. दार उघडताच म्हणाली, "अगंबाई, आज या वेळेला? सुट्टी काढलीस की काय? तू?" आणि हसली. स्वयंपाकघरात ओल्या फरशीचा वास होता. तिने चहाचं आधण ठेवलं. तिशीबाई खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर, आणि जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही न आठवून एकदम म्हणाली, "आपण त्यांना दिलं ना ते इंजेक्शन, त्याची ताकद गेली होती. उन्हाने. निम्म्याहून थोडी जास्त उरली असेल. आज कागद आला."

धाकटीने साखरेचा डबा खाली ठेवला. गॅस बंद केला. मग समोरच्या स्टुलावर येऊन बसली आणि पदराने हात पुसत राहिली, हात कोरडे झाल्यावरही.

"म्हणजे थोडं तरी होतं ना त्यात?"

"होतं. साठ-पासष्ट टक्के."

"साठ-पासष्ट," धाकटी म्हणाली. पास-नापास बघावं तसा तिने तो आकडा मनात धरून पाहिला. "पूर्ण असतं तर वाचले असते?"

"सांगता येत नाही. बहुतेक नाही."

"पण सांगता येत नाही."

"नाही."

खाली कुणीतरी गाडीचा भोंगा दोनदा वाजवला. धाकटी रडली नाही. ती रडली असती, ओरडली असती, चल नीघ म्हणाली असती, तर आपल्यातही काहीतरी हललं असतं असं तिशीबाईला वाटलं, आणि आपण इथे त्याचसाठी आलो की काय अशी शंका येऊन तिला स्वतःची किळस आली. दिवसभरात वाटलेली ती पहिली गोष्ट.

"दोन वर्षांनी कशाला सांगितलंस, ताई?" धाकटीने विचारलं. आवाज साधाच होता, खरंच जाणून घ्यायचं असावं तसा. "मी माझी मजेत नव्हते, पण होते."

"उत्तर आज आलं," ती म्हणाली. "म्हणून आज सांगितलं."

"कुणाचं उत्तर?"

"कंपनीचं. आम्ही प्रश्न विचारतो त्यांना. उन्हात किती टिकतं ते."

"आम्ही म्हणजे?"

"मी. मीच विचारते तो प्रश्न."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. लहानपणी अभ्यासाला बसल्यावर एखादं उदाहरण समजलं नाही की ती अशीच बघायची आणि मग नेमकं जिथे अडलं तिथेच बोट ठेवायची.

"आणि तो प्रश्न तू कधी विचारला होतास?"

साथ फार जोरात होती असं म्हणता आलं असतं. आठवत नाही असंही म्हणता आलं असतं, आणि धाकटीने ते मानलं असतं. तिने तारीख सांगितली. दिवस, महिना, वर्ष, फाइलीत लिहितात तशी.

धाकटीला बोटं मोजावी लागली नाहीत. "म्हणजे डबा घेऊन फाटकाशी आलीस त्याच्या पाच महिने आधी."

"हो."

"आणि डबा माझ्या हातात देताना म्हणालीस, आता निश्चिंत राहा, हे मी स्वतः तपासलेलं औषध आहे."

"हो," ती म्हणाली. "म्हणाले होते."